रिकाम्या जागी शून्य: दुरुस्तीच्या नोंदींतल्या नल मूल्यांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्णालयांतली उपकरणं सांभाळणाऱ्या एका संस्थेच्या डेटा टीममध्ये मी होते, तेव्हाचं हे प्रकरण. इन्फ्यूजन पंप, मॉनिटर, व्हेंटिलेटर असं काही बिघडलं की तक्रार येते, इंजिनिअर जातो, दुरुस्ती होते, तक्रार बंद होते. प्रत्येक टप्प्याची वेळ नोंदली जावी अशी अपेक्षा असते. संस्थेची ओळख पटू नये म्हणून यंत्रांचे प्रकार आणि आकडे बदलले आहेत. चूक कशी झाली आणि कशी सापडली, त्यात काही बदललेलं नाही.

नोंदी दोन वाटांनी यायच्या. एक जुनी प्रणाली ओरॅकल या डेटाबेसवर चालायची. दुसरं होतं इंजिनिअरांच्या फोनवरचं नवं ॲप. दोन्हीकडच्या सीएसव्ही फाइली (साध्या मजकुरातले तक्ते) पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या पांडाज लायब्ररीने वाचायच्या, साफ करायच्या आणि पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये भरायच्या, हे आमचं काम. त्यावरून दर महिन्याला एक अहवाल जायचा: कोणत्या प्रकारचं यंत्र दुरुस्त व्हायला सरासरी किती तास लागतात. किती यंत्रं राखीव ठेवायची ते याच आकड्यावरून ठरायचं. पंप लवकर दुरुस्त होतात असं दिसलं, की राखीव पंप कमी केले जायचे. आकडा चुकला तर त्याची झळ थेट वॉर्डात बसणार होती, म्हणून हे प्रकरण मला आजही महत्त्वाचं वाटतं.

अडचण

दोन्ही प्रणालींचा डेटा एकत्र करायला लागल्यावर पहिल्याच महिन्यात पंपांच्या दुरुस्तीचा सरासरी वेळ बराच खाली आला. पुढचे दोन महिनेही तो खालीच राहिला. नव्या ॲपमुळे काम वेगाने होतंय, असा सगळ्यांचा समज झाला. आमचाही झाला.

शंका आली ती सुट्या भागांचं स्टोअर सांभाळणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना. त्यांनी फोन करून विचारलं, ‘‘अहो, पंपांचे भाग तीन-तीन आठवडे येत नाहीयेत. माझ्याकडे मागण्या पडून आहेत. मग तुमच्या कागदावर पंप एका दिवसात दुरुस्त कसे होतात?’’

आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी एका रुग्णालयाच्या पंपांच्या दहा तक्रारी काढून एकेक ओळ वाचायला बसलो. सहा तक्रारींसमोर तास होते: २०, ३०, ३६, ४०, ४४ आणि ७०. उरलेल्या चार ओळींत शून्य होतं. शून्य तासांत दुरुस्त झालेला पंप कुणी पाहिलेला नाही. शेजारचा ‘पूर्ण झाल्याची वेळ’ हा कॉलम पाहिला, तर त्या चारही ओळींत तो रिकामा, म्हणजे नल.

चौघांची गोष्ट वेगवेगळी निघाली. दोन पंप अजून दुरुस्तच झाले नव्हते, भागांची वाट पाहत पडून होते. एकाला तोपर्यंत ३०० तास झाले होते, दुसऱ्याला ४१०. तिसऱ्याची दुरुस्ती झाली होती, पण तळघरात नेटवर्क नसल्यामुळे ॲपने वेळ पाठवलीच नव्हती. चौथी तक्रार एकाच बिघाडाची दुसऱ्यांदा झालेली नोंद होती, म्हणून ती रद्द झाली होती. तिला दुरुस्तीचा वेळ असण्याचा प्रश्नच नव्हता.

शून्य आलं कुठून

साफसफाईच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती: सगळ्या आकडी कॉलममधल्या रिकाम्या जागी शून्य भरा. ती मी लिहिली होती, आणि लिहिताना माझ्याकडे कारण होतं. पांडाजमध्ये पूर्णांकांच्या साध्या कॉलममध्ये एक जरी जागा रिकामी असली, तरी अख्खा कॉलम दशांशात जातो, कारण तिथे रिकामी जागा ‘नॅन’ या दशांश प्रकारातल्या मूल्याने दाखवतात. इंजिनिअरचा क्रमांक ४१७ होता तो ४१७.० झाला. त्याचा मजकूर करून दुसऱ्या टेबलशी जोडायला गेलं की ‘४१७.०’ आणि ‘४१७’ जुळेनात. शून्य भरून कॉलम पुन्हा पूर्णांकात आणला, तेव्हा जोडणी चालू झाली.

उपाय एका कॉलमपुरता हवा होता, मी तो सगळ्या आकडी कॉलमना लावला. नल झेलणारा पूर्णांकाचा प्रकार पांडाजमध्ये ०.२४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून आहे. तो वापरला असता तर शून्याची गरजच पडली नसती.

समोर आलेले पर्याय

सगळ्यात आधी सुचलं ते अर्थातच शून्य काढून नल तसाच ठेवणं. डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल या भाषेतलं सरासरीचं फंक्शन नल वगळून गणित करतं, तेव्हा प्रश्न मिटला असं वाटलं. त्या दहा ओळींवर हिशेब केला. शून्य धरून सरासरी येत होती २४० भागिले १०, म्हणजे २४ तास. नल वगळल्यावर २४० भागिले ६, म्हणजे ४०. चाळीस हा आकडा जुन्या अहवालांशी जुळणारा होता, आणि आम्ही जवळजवळ तिथेच थांबणार होतो.

थांबलो नाही, कारण ते ३०० आणि ४१० तास डोळ्यांसमोर होते. ते दोन पंप निदान तेवढे तास तरी बंद होतेच. रद्द झालेली तक्रार सोडली, वेळ हरवलेली बाजूला ठेवली आणि या दोघांना आतापर्यंतच्या तासांनिशी धरलं, तर आठ तक्रारींचे ९५० तास होतात. सरासरी ११८ च्या वर, आणि हीसुद्धा किमान. त्याच दहा ओळी २४ सांगतात, ४० सांगतात आणि ११८ च्या वरही सांगतात. फरक फक्त रिकाम्या जागेकडे कसं पाहिलं याचा.

दुरुस्ती जितकी लांबते, तितकी ती अहवालाच्या दिवशी रिकामी असण्याची शक्यता जास्त. म्हणजे मूल्य रिकामं आहे याचं कारण ते मूल्यच आहे. संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये गहाळ माहितीचं जे वर्गीकरण मांडलं, त्यात हा सगळ्यात अवघड प्रकार: जागा निव्वळ योगायोगाने रिकामी राहिलेली नाही, आणि हाताशी असलेल्या इतर माहितीवरूनही तिचा पूर्ण उलगडा होत नाही. अशा वेळी नल ‘वगळणं’ म्हणजे सर्वांत वाईट प्रकरणंच हिशेबातून काढणं. जुने अहवालही हेच करत आले होते, हे तेव्हा लक्षात आलं. आम्ही ज्या चाळीसकडे परत निघालो होतो, तो आकडाही बरोबर नव्हता.

रिकामी जागा असलेल्या ओळी काढून टाकाव्यात, असंही एकाने सुचवलं. सरासरीपुरता त्याचा परिणाम नल वगळण्यासारखाच, वर तक्रारींची एकूण संख्याही कमी दिसली असती. सरासरी किंवा मध्यक (मूल्यं क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं मूल्य) काढून तो रिकाम्या जागी भरण्याचा पर्यायही आला. चालू तक्रारीत असा आकडा भरणं म्हणजे न झालेली दुरुस्ती झाली असं लिहिणं. तो लगेच बाद केला.

‘-१’ किंवा ‘९९९९’ सारखा खुणेचा आकडा भरावा, यावर मात्र बराच वाद झाला. बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं होतं की तो चटकन डोळ्यांत भरतो. पण जुन्या प्रणालीत आधीपासून हेच होतं: वेळ माहीत नसेल तिथे १ जानेवारी १९०० ही तारीख. खुणेचा आकडा ज्याला माहीत आहे त्याच्यापुरताच खूण असतो. फंक्शनला तो साधा आकडाच दिसतो, आणि ते निमूटपणे त्याचीही सरासरी काढतं.

शेवटचा पर्याय होता नल तसाच ठेवून शेजारी त्याचं कारण नोंदवण्याचा. ही कल्पना नवी नाही. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत मांडायची पद्धत, मांडलं. पुढे त्यांनीच सुचवलं होतं की गहाळ मूल्याच्या दोन खुणा हव्यात: एक ‘मूल्य आहे पण माहीत नाही’ याची आणि दुसरी ‘इथे मूल्य लागूच नाही’ याची. एसक्यूएलमध्ये आला तो मात्र एकच नल. ती दुसरी खूण आपल्यालाच कॉलम करून ठेवावी लागते.

काय केलं

आम्ही ‘वेळ नसण्याचं कारण’ असा कॉलम जोडला आणि त्यात चारच मूल्यं ठेवली: अजून सुरू, नोंद हरवली, लागू नाही, कारण माहीत नाही. तक्रारीची स्थिती पाहून बहुतेक ओळींचं कारण ठरत होतं. स्थिती चालू आणि वेळ नाही, तर अजून सुरू. स्थिती बंद आणि वेळ नाही, तर नोंद हरवली. स्थिती रद्द, तर लागू नाही. स्थितीही रिकामी असेल तर चौथं. हे चौथं मूल्य ठेवायचं की नाही यावर मतभेद होते. ते नसतं तर लोकांनी अंदाजाने पहिल्या तिघांतलं एक निवडलं असतं, आणि अंदाज कुठला, नोंद कुठली, हे कायमचं कळेनासं झालं असतं. म्हणून ठेवलं.

त्याआधी रिकामं कशाला म्हणायचं तेच ठरवावं लागलं. कुठे काहीच नव्हतं, कुठे एक स्पेस, कुठे आडवी रेघ, कुठे ‘नल’ हा शब्दच टाइप केलेला, कुठे ती १९०० ची तारीख. आम्ही सगळे कॉलम आधी मजकूर म्हणून वाचले आणि मग आपल्या यादीनुसार नल ठरवले. पांडाज फाइल वाचताना आपणहून काही मजकूर नल समजतं, त्यात ‘एनए’ (NA) ही अक्षरजोडीही येते. आमच्याकडे तो एका विभागाचा संकेत होता. तो अख्खा विभाग इतके दिवस ‘विभाग नाही’ म्हणून मोजला जात होता. वाचतानाची ती सवय एका पर्यायाने बंद करता येते, ती केली. ओरॅकलकडून आलेल्या मजकुराबाबत काहीच करता आलं नाही. तिथे रिकामा मजकूर आणि नल एकच मानले जातात, त्यामुळे मुद्दाम कोरं सोडलेलं कोणतं आणि भरायचं राहिलेलं कोणतं, हे मागाहून ओळखता येत नाही.

मग टेबलवर चेक अट, म्हणजे नियम मोडणारी ओळ आत येऊ न देणारी अट, घातली: पूर्ण झाल्याची वेळ तक्रारीच्या वेळेनंतरचीच हवी. वेळ नसलेल्या, कारण नसलेल्या ओळी इथे अडतील असं आम्हाला वाटलं होतं. एकही अडली नाही. नलशी तुलना केली की उत्तर खरं किंवा खोटं येत नाही, ‘अज्ञात’ येतं. क्वेरीतली (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातली) ओळी निवडणारी ‘व्हेअर’ अट अज्ञात ओळ गाळते, चेक अट मात्र अज्ञात ओळ आत सोडते, कारण ती फक्त खोट्याला अडवते. दुसरी अट लिहावी लागली: वेळ नल असेल तर कारण हवंच, वेळ असेल तर कारण नकोच. ही अट ‘इज नल’ आणि ‘इज नॉट नल’ वापरून लिहिली, म्हणजे उत्तर अज्ञात येण्याची सोयच राहत नाही.

शून्याखाली झाकलेली दुसरी चूक

शून्य भरणारी ओळ काढली आणि तीन दिवसांत नवीनच प्रकार दिसला. चालू तक्रारी वाढतच चालल्या, एकही बंद होईना. इंजिनिअर म्हणत होते, काम झालंय. ॲपवर तक्रार बंद दिसत होती. आमच्या टेबलमध्ये ती ‘अजून सुरू’.

रोजच्या भरणीत जुनी ओळ आणि नवी ओळ यांची तुलना व्हायची, आणि तास किंवा पूर्ण झाल्याची वेळ वेगळी असेल तरच ओळ बदलली जायची. आधी जुन्या ओळीत तास शून्य असायचे, नवीन ओळीत ३६ आले की ‘शून्य आणि ३६ वेगळे आहेत का’ याचं उत्तर खरं यायचं. आता जुन्या ओळीत नल होता. ‘नल आणि ३६ वेगळे आहेत का’ याचं उत्तर अज्ञात. वेळेच्या कॉलमचंही तेच. म्हणून ओळ बदललीच जात नव्हती. नेमकी ज्या दिवशी दुरुस्ती पूर्ण होते, तोच बदल आमच्या तुलनेला दिसत नव्हता.

चुकीच्या शून्यानेच ही चूक इतके दिवस झाकून ठेवली होती. तुलना ‘इज डिस्टिंक्ट फ्रॉम’ने केली, जी नललाही एक मूल्य समजून खरं किंवा खोटं असं ठाम उत्तर देते. त्याच रात्रीच्या भरणीत अडकलेल्या तक्रारी बंद झाल्या.

यानंतर आम्ही प्रत्येक क्वेरी नलच्या नजरेने पुन्हा वाचली. ‘एकही तक्रार न आलेली यंत्रं’ या यादीत कधीच काही दिसत नसे, आणि कुणाला त्याचं नवल वाटलं नव्हतं. तिथे ‘नॉट इन’ होतं, आणि तक्रारींच्या टेबलमध्ये एका ओळीत यंत्राचा क्रमांक नव्हता. यंत्र ७ हे ३, ५ आणि नल यांत नाही ना, असं विचारलं की ७ हा ३ नाही, ५ नाही, पण नल आहे की नाही ते अज्ञात. म्हणून सगळंच अज्ञात आणि ओळ गळते. एका नलने पूर्ण यादी रिकामी केली होती. ‘जुळणारी ओळच नाही ना’ असं विचारणाऱ्या ‘नॉट एक्झिस्ट्स’ने ती भरली.

पांडाजमध्ये याच्या उलट. तिथे जोडणी करताना नल नलशी जुळतो. एका टेबलमध्ये क्रमांक नसलेल्या १४ ओळी आणि दुसऱ्यात ९, तर जोडल्यावर १२६ ओळी तयार, ज्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. एसक्यूएलची सवय असलेल्या माणसाला हे पटकन सुचत नाही. गट करताना आणखी वेगळं: पांडाज नल असलेला गट आपणहून टाकून देतं, एसक्यूएल मात्र सगळे नल एका गटात ठेवतं. आमच्या विभागवार बेरजा एकूण बेरजेशी जुळत नव्हत्या त्या यामुळे.

परिणाम

अहवालातून सरासरी काढून टाकली. तिच्या जागी मध्यक आला. का, ते त्या दहा ओळींवरूनच दाखवते. रद्द झालेली सोडून नऊ तक्रारी. चालू असलेल्या दोन्ही ७० च्या पलीकडे आहेत एवढं नक्की, त्या किती पलीकडे आहेत याने मधली तक्रार बदलत नाही. वेळ हरवलेली तक्रार कमी तासांची असेल तर पाचवं मूल्य ४० येतं, जास्त तासांची असेल तर ४४. म्हणजे काहीही झालं तरी मध्यक ४० ते ४४ च्या दरम्यान. एकही आकडा कल्पनेने न भरता प्रामाणिक उत्तर मिळालं. निम्म्याहून अधिक तक्रारी चालू असतील तर मध्यकही मिळत नाही. तेव्हा अहवाल तसं स्पष्ट लिहितो. अशा अपुऱ्या कालावधींसाठी कॅप्लन आणि मायर यांची १९५८ ची पद्धत आहे, ती पुढे मोठ्या विश्लेषणात वापरली.

मध्यकाशेजारी आता तीन आकडे जातात: चालू तक्रारी किती, त्यांतली सगळ्यात जुनी किती तासांची, आणि वेळ हरवलेल्या किती. राखीव पंप कमी करण्याचा प्रस्ताव मागे घेतला गेला. स्टोअरमधल्या त्या सहकाऱ्यांच्या अडकलेल्या मागण्या पहिल्यांदाच अहवालाच्या पहिल्या पानावर दिसल्या.

आधीच्या तीन अहवालांचं काय करायचं, हा अवघड प्रश्न होता. पुढचा अहवाल गुपचूप दुरुस्त पाठवावा, असं एक मत होतं. पण मग वेळ अचानक वाढलेला दिसला असता आणि दोष इंजिनिअरांच्या माथी गेला असता. आम्ही तिन्ही अहवाल पुन्हा काढले आणि चूक आमच्या साफसफाईत होती असं लिहून पाठवले. हा निर्णय योग्यच होता, यात मला शंका नाही.

ॲपमध्ये वेळेचा रकाना सक्तीचा करावा, अशीही मागणी आली. आम्ही विरोध केला. सक्ती केली की तळघरातून वर आलेला इंजिनिअर तेव्हाची वेळ टाकून मोकळा होतो, आणि ती खोटी वेळ नंतर कुणालाच ओळखता येत नाही. त्याऐवजी ‘नेमकी वेळ सांगता येत नाही’ असं बटण दिलं, आणि नेटवर्क नसताना वेळ फोनमध्येच साठवून नंतर पाठवण्याची सोय केली. हरवलेल्या नोंदी त्यानंतर बऱ्याच कमी झाल्या.

आज पुन्हा करायचं तर

स्क्रिप्टची पहिली ओळ लिहिण्याआधी मी प्रत्येक कॉलममधले नल मोजेन, आणि प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा मोजेन. तासांच्या कॉलममधले नल एका टप्प्यात एकदम शून्यावर आले होते. ती मोजणी छापली असती तर चूक पहिल्याच दिवशी दिसली असती.

इंजिनिअरांशी आणि स्टोअरशी आधी बोलेन. रिकाम्या जागेची चारही कारणं त्यांना तोंडपाठ होती, आम्हाला ती शोधायला आठवडा गेला. आणि भरायचंच असेल तर एकेका कॉलमचं नाव घेऊन, का भरतो ते शेजारी लिहून भरेन.

कारणांचा कॉलम पहिल्या दिवसापासून, म्हणजे डेटा आत येतानाच ठेवेन. आम्ही तो मागाहून जोडला, त्यामुळे ओरॅकलकडच्या जुन्या नोंदींपैकी बऱ्याच ‘कारण माहीत नाही’मध्ये गेल्या. त्या सोडवायला आम्ही कागदी नोंदवह्या काढल्या, काही तक्रारी त्यांत सापडल्या, बाकीच्या सापडल्या नाहीत. त्या आजही टेबलमध्ये तशाच आहेत, आणि महिन्याच्या अहवालात त्यांची संख्या वेगळी छापली जाते.